मदत हवी आहे - संघातल्या बायकांना कर्जाचं व्याज कसं समजवायचं?

नमस्कार मंडळी, मी वडगावची, बेळगाव. आमच्या गल्लीत बऱ्याच बायका शिलाई करतात, आणि बहुतेकींनी फायनान्सचं कर्ज काढलंय. परवा शेजारच्या काकूंचं कार्ड बघितलं, 30,000 घेतले, महिन्याला 1,550 चे 24 हप्ते, म्हणजे 37,200 भरायचे, आणि त्यांना सांगितलंय व्याज फक्त 12 टक्के. पण मुद्दल दर महिन्याला कमी होतं ना, त्या बाकीवर हिशेब लावला तर दर साधारण साडेएकवीस टक्के पडतो! काकू गप्पच बसल्या ओ, मग म्हणाल्या "मला सही करताना कुणी विचारायला शिकवलंच नाही बाळ".

रिझर्व्ह बँकेच्या नियमाने खरा वार्षिक दर लिहिलेला कागद (त्याला इंग्रजीत 'Key Facts Statement' म्हणतात) कर्जदाराला समजेल त्या भाषेत द्यावा लागतो. इथं मिळालेला कागद इंग्रजी-कन्नडमध्ये.

खानापूर, निपाणीकडं कुणी मराठीत मागून घेतलाय का? अर्ज कसा केला? आणि दर रविवारी तासभर बायकांना पासबुक, व्याज शिकवायचंय, कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे 2,000 तरी त्यांनी स्वतः जाऊन काढावेत, पोराच्या हातात एटीएम कार्ड देऊ नये. सोप्या मराठीत काही तक्ते असतील तर पाठवा प्लीज.