मदत हवी आहे: ग्रामसभेचं पोस्टर, एकाच रंगात, झेरॉक्सवर

पाणंद:
गावात मतदार 800च्या आसपास. नळपाणी योजनेच्या विषयाला ग्रामसभेत लोक यावेत म्हणून पोस्टर करतोय. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतला कमी आकडा. म्हणजे 100 माणसं हवीत. नाही जमली की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. मग मूठभर लोक ठराव उरकतात. हाताशी तालुक्यातलं झेरॉक्सचं दुकान आणि लॅपटॉपवर इंकस्केप (चित्रं, पोस्टर करायचं सॉफ्टवेअर). विहिरीच्या फोटोवर पांढरी अक्षरं टाकली, तर झेरॉक्समध्ये सगळा चिखल झाला. काय बदलू?

शाईघर:
फोटो काढून टाका. करड्या छटा म्हणजे बारीक ठिपके. झेरॉक्समध्ये ते एकमेकांत मिसळतात, आणि प्रतीवरून प्रत काढली की संपलंच. काळ्या पट्ट्यावरच्या पांढऱ्या अक्षरांतले अनुस्वार आणि रफार आधी बुजतात. कोऱ्या कागदावर काळी अक्षरं, आणि चित्र हवंच तर हंडा किंवा नळाचं रेखाचित्र, रेघ 2 पॉइंटच्या खाली नको. कडेने 10 मिमी मोकळं सोडा, मशीन काठापर्यंत छापत नाही.

फॉन्ट मुक्ता घ्या, फुकट आहे, जाड वजनंही मिळतात. ए3 वर मथळा 90 पॉइंट, बाकी मजकूर 30च्या वर. ओळींतलं अंतर दीडपट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात.

दुकानात पीडीएफच न्या. मूळ फाइल नेली आणि त्यांच्याकडे फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात. अक्षरांचे पाथ (म्हणजे नुसत्या रेषांचे आकार) करून पाठवणार असाल तर आधीची प्रत जपून ठेवा. पाथ झाल्यावर वेळ बदलायची म्हटली तरी टाइप करता येत नाही.

रंग हवा असेल तर तो कागदाचा घ्या. फक्त गावात कुठल्या पक्षाचा कोणता रंग आहे ते बघून. पोस्टर वाचायच्या आधी लोक रंग वाचतात!

चावडी:
मजकुराचं बोलतो. ‘जागृत व्हा’ वगैरे उडवा. सगळ्यात मोठं वार, तारीख, वेळ, जागा. त्याखाली एकच प्रश्न: ‘नळाला पाणी कधी येणार?’ आणि तळाशी कोरमचं गणित: ‘100 जण आलो नाही, तर निर्णय दुसरे घेतील.’ महिला सभा आधी असते, तिची तारीख वेगळ्या चौकटीत द्या. एकाच ओळीत दोन तारखा आल्या की बायका चुकीच्या दिवशी येऊन परत जातात. सभेची नोटीस 7 दिवस आधी निघते. तारखेची जागा कोरी ठेवून प्रती काढा आणि नोटीस लागली की मार्करने भरा.

पाणंद:
फोटो गेला. भिंतीवर स्टेन्सिल जमेल का? आणि पोस्टर चिकटवायला काय?

शाईघर:
जमेल. जुनी एक्स-रे फिल्म कापा, अक्षर 3 इंचांहून लहान नको. व, ब, क यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो, तिथे 5 मिमीचे पूल, म्हणजे न कापलेल्या जोडपट्ट्या, सोडा. लांब शिरोरेषाही मधे तोडा, नाहीतर फिल्म लोंबते. गेरूत थोडा फेविकॉल घाला, नुसता गेरू हाताला लागतो. रंग घट्ट ठेवून स्पंजाने टिपा; ब्रशने ओढलात तर फिल्मखाली ओघळतो. घरमालकाला आधी विचारा.

चिकटवायला मैद्याची खळ, शिजवताना चिमूटभर मोरचूद. कीड लागत नाही. पण मोरचूद विषारी, ते भांडं परत स्वयंपाकात नको.