वचनाचा अभ्यास आधी, की वचनाप्रमाणे वागणे आधी?

धागाकर्ती
रोज सकाळी बायबलमधील एक वचन वाचावे आणि दिवसभर त्याच्या आधाराने राहावे, एवढे श्रद्धेला पुरेसे आहे असे अनेक विश्वासणारे मानतात. मला ते मान्य नाही. यजमानांची नोकरी गेली, तेव्हा यिर्मयाच्या २९व्या अध्यायातील ११वे वचन, म्हणजे देवाच्या मनातील संकल्प आपल्या हिताचे आहेत हे आश्वासन, मी कागदावर लिहून आरशाच्या कडेला चिकटवले आणि महिन्या-दोन महिन्यांत सारे सुरळीत होईल असे धरून चालले. तसे झाले नाही, तेव्हा माझा राग देवावर निघाला. पुढे तो अध्याय पहिल्यापासून वाचला. बाबेलात बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना लिहिलेले ते पत्र आहे. त्यात घरे बांधा, मळे लावा, ज्या नगरात तुम्हांला नेले त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा असे सांगितले आहे, आणि परत आणण्याची मुदत आहे ७० वर्षांची. ते पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. आश्वासन खोटे नव्हते, मी ते तोडून घेतले होते. नव्या करारातील वचनांना आजचे क्रमांक रोबेर एतिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये दिले, ते शोधण्याच्या सोयीसाठी; त्या क्रमांकांनी आपल्याला तुकड्यांत वाचायची सवय लावली आहे.

प्रतिसाद १
आपला अनुभव मनाला भिडला, पण निष्कर्ष पटत नाही. लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशूची परीक्षा पाहणारा शास्त्री अभ्यासात कुठेही उणा नव्हता. नियमशास्त्रात काय लिहिले आहे असे विचारताच त्याने देवावर आणि शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा अचूक सांगितली, आणि लगेच ‘माझा शेजारी कोण?’ म्हणून व्याख्या मागितली. व्याख्या त्याला मिळाली नाही. वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या चांगल्या शमरोन्याची गोष्ट मिळाली, आणि शेवटी तूही जाऊन तसेच कर, एवढीच आज्ञा. अभ्यास हा पुष्कळदा आज्ञापालन लांबणीवर टाकण्याचा सभ्य मार्ग होतो. पहिल्या शतकांतील बहुसंख्य विश्वासणाऱ्यांना वाचता येत नव्हते. मंडळीत वाचलेले ऐकून ते जगले. माझी आजीही निरक्षर होती. वेदीपुढे अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, हे मत्तयाच्या पाचव्या अध्यायातील वचन उपासनेत वाचले गेले, तेव्हा ती प्रार्थना संपण्यापूर्वीच उठली आणि अबोला धरलेल्या जावेच्या दारात जाऊन उभी राहिली.

प्रतिसाद २
पण कोणत्या आज्ञेला किती वजन द्यायचे, हे न वाचता कसे ठरवणार? माणूस कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो असे पौल रोमकरांस लिहितो, आणि कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे असे याकोब लिहितो. मार्टिन लूथरसारख्या अभ्यासकालाही याकोबाचे पत्र १५२२ मध्ये पेंढ्यासारखे, म्हणजे फारसे वजन नसलेले, वाटले होते.

धागाकर्ती
आजींविषयी आदर आहेच, पण आपण सांगितलेले वचनच माझ्या बाजूने बोलते. ते सावकाश वाचावे. तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असे तेथे नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवले तर, असे आहे. म्हणजे ज्याचा राग आहे त्याने नव्हे, ज्याच्यावर राग आहे त्याने आधी जायचे. घाईने ऐकणाऱ्याच्या हातून नेमके हेच निसटते.

प्रतिसाद १
ते मला ठाऊक होते. याच वाक्याच्या मूळ ग्रीक रचनेविषयी मी वहीत दोन पाने टिपण लिहून ठेवले आहे, आणि ज्या वर्षी ते लिहिले, त्याच वर्षापासून माझा थोरला भाऊ माझ्याशी बोलत नाही. चूक त्याची आहे असे मी समजत आलो, आणि टिपण लिहितानाही मला त्याची आठवण झाली नाही.