पहिलीत ऑटिझम असलेला मुलगा येतोय: वर्गात आधी काय मांडून ठेवावं?

डिचोली_पहिली

जूनमध्ये आमच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत पहिलीला सहा वर्षांचा एक मुलगा येतोय. ऑटिझमचं निदान झालेलं आहे. पहिली-दुसरी एकाच खोलीत, मिळून १४ मुलं, शिक्षिका एक. विशेष शिक्षिका आठवड्यातून एकदा येतील.

मुलाबद्दल हाती असलेली माहिती अशी: सुटे वीस-पंचवीस शब्द बोलतो, बाकी ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी म्हणतो. दुकानांच्या पाट्या वाचतो. घंटा, प्रार्थनेचा लाऊडस्पीकर, पत्र्यावरचा पाऊस सुरू झाला की कान झाकतो. अंगणवाडीत दिवसातून दोन-तीनदा हातातली वस्तू फेकायचा. घरी वडिलांची कोंकणी, आईची मराठी. आता त्यांना कुणीतरी सांगितलंय की दोन्ही बंद करा, एकटी इंग्रजी बोला, म्हणजे मुलाचा गोंधळ होणार नाही.

खोलीत काय मांडावं, भाषेचं काय करावं आणि फेकाफेकीला काय करायचं? ‘प्रेमाने वागा, संयम ठेवा’ हे पटतंच. हातांनी नेमकं काय करायचं ते हवंय.

विशेषशिक्षक_फोंडा

बाई, सगळ्यात आधी दिवसाचा क्रम. ‘आता काय, मग काय, आणि हे संपणार कधी’ हे नुसतं ऐकून धरून ठेवणं या मुलांना जड जातं. डोळ्यांसमोर राहिलं की तेच सोपं होतं.

साधारण ६० सें.मी. लांब, १० सें.मी. रुंद अशी जाड कापडाची पट्टी घ्या आणि तिच्यावर वेल्क्रोची मऊ बाजू शिवून घ्या. चिकटवू नका, आपल्याकडच्या पावसात गोंद जुलैपर्यंत सुटतो. कार्डं ६ सें.मी. चौकोनी, मागे वेल्क्रोची खरखरीत बाजू. कार्डांवर फोटो तुमच्याच शाळेतले हवेत: तुमचा नळ, तुमची चटई, जेवणाची तुमची ओटी. बाजारातल्या तक्त्यावरचा गुलाबी नळ त्याच्या लेखी वेगळीच वस्तू असते. पट्टी त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर उभी टांगा आणि तळाशी ‘झालं’ लिहिलेली पिशवी शिवा. तो वाचतोय, तेव्हा फोटोखाली शब्द ठळक लिहा. पुढे फोटो हटवून नुसते शब्द ठेवता येतील.

पहिल्या आठवड्यात चारच कार्डं. काम संपलं की कार्ड त्याने स्वतः काढून पिशवीत टाकायचं आणि पुढचं बघायचं. हे शिकवताना मागे उभं राहून हाताला हलकी दिशा द्या, तोंडाने सांगू नका. तोंडी सांगून शिकवलं तर तो पट्टीकडे बघायच्या ऐवजी तुमच्या सांगण्याची वाट बघायला शिकतो.

बहुतेक शाळांत पट्टी फसते ती दोन कारणांनी. एक, सकाळी एकदा दाखवून तिला भिंतीवरची शोभा करून टाकतात. दोन, बदल कसा दाखवायचा ते ठरलेलं नसतं. लाल काठाचं ‘बदल’ कार्ड पहिल्या दिवसापासून ठेवा, पण सुरुवात आवडत्या बदलांनी करा: गणिताऐवजी झोपाळा, लेखनाऐवजी पाण्यात खेळ. असे आठ-दहा सुखाचे बदल झाल्यावरच ‘खेळ नाही, पाऊस’ हा बदल त्या कार्डाने दाखवा. पहिलाच बदल नावडता आला तर पुढे कार्ड दिसताच तो बिथरेल. जूनमध्ये मैदान बंद असतं, शाळेची बस उशिरा येते, म्हणजे बदल रोजच आहेत. ही तयारी जितकी लवकर तितकी बरी.

दुसरं, कामाचं टेबल. अमेरिकेत उत्तर कॅरोलिना विद्यापीठात एरिक शॉप्लर यांनी १९७२ मध्ये उभ्या केलेल्या ‘टीच’ कार्यक्रमातली ही मांडणी आहे, आणि एकशिक्षकी वर्गाला ती फार सोयीची. भिंतीला लागून छोटं टेबल. डावीकडे तीन ट्रे, उजवीकडे एक टोपली. काय करायचं, किती करायचं, संपलं हे कसं कळणार आणि नंतर काय मिळणार, या चारही प्रश्नांची उत्तरं मांडणीच देते. पहिल्या ट्रेत दहा चिंचोके मोजून खणांत टाकायचे, दुसऱ्यात शब्द आणि चित्राच्या जोड्या, तिसऱ्यात बरण्यांना झाकणं. प्रत्येक काम दोन मिनिटांचं. संपलेला ट्रे टोपलीत, तिन्ही झाले की टोपलीजवळच्या फोटोतली आवडीची गोष्ट. इथे ठेवायचं ते काम त्याला आधीपासून एकट्याला येणारंच हवं. नवीन शिकवणं तुमच्या शेजारी बसून, पाच मिनिटं. नवीन काम ट्रेत ठेवलं की तो अडतो, तुम्हाला दुसरीची मुलं सोडून उठावं लागतं आणि मांडणीचा हेतूच जातो.

जागा पंख्याखाली नको, दाराशीही नको. घंटेआधी एक मिनिट घंटेचं कार्ड दाखवा. कानांवरचे आवाजरोधक फक्त घंटा, प्रार्थना आणि मुसळधार सर यांच्यापुरते. दिवसभर घातले तर कान साध्या आवाजालाही हळवे होत जातात. वेळ दाखवायला वाळूचं घड्याळ वापरा, वाजणारं नको.

ऑटिझम असलेल्यांसाठी मराठीत वापरतात त्या ‘स्वमग्न’ या शब्दाबद्दलही थोडं. तो ऐकून वाटतं की मुलाला माणसंच नकोत. पुष्कळ मुलांना सोबत हवी असते, पण ती मागायची कशी हे ठाऊक नसतं. म्हणून त्याला कोपऱ्यात एकटं ठेवून ‘तो रमलाय’ असं समजू नका.

वाचा_भाषा

घरच्या दोन्ही भाषा चालू राहू द्या. ऑटिझम असलेल्या द्विभाषिक मुलांचे जे अभ्यास झालेत त्यांत दुसऱ्या भाषेमुळे बोलणं मागे पडल्याचं आढळलेलं नाही. उलट ज्या आईला इंग्रजी सहज येत नाही ती ‘कम, सिट, ईट’ एवढ्यावर येते आणि आजी तर गप्पच होते. मुलाच्या कानावर पडणारं बोलणंच आटतं. प्रत्येकाने आपापल्या सवयीची भाषा बोलावी. शाळेतल्या कार्डांवर मराठी शब्द ठेवा, पण तो ‘उदक जाय’ म्हणाला तर ते पूर्ण बोलणं आहे हे धरा. आधी पाणी द्या, देताना ‘पाणी हवं’ म्हणा. ‘मराठीत सांग’ म्हणून पाणी अडवू नका.

ऐकलेली वाक्यं परत म्हणण्याला अर्थ असतो. तो ‘पाणी हवं का?’ म्हणेल तेव्हा बहुधा स्वतःलाच पाणी हवं असतं. तहान लागली की हेच वाक्य ऐकू येतं, म्हणून ते त्याने त्या प्रसंगाला बांधलेलं असतं. ‘हो, हवं का?’ असं उलट विचारू नका. त्याच्या बाजूने बोला: ‘मला पाणी हवं.’ आपल्या भाषेत आणखी एक गंमत होते: आईची वाक्यं उचललेला मुलगा ‘मी जाते’, ‘मी आले’ म्हणतो. वर्ग हसतो. त्याला चुकलं म्हणू नका, त्याच क्षणी ‘मी जातो’ असा नमुना द्या. हे नमुने दुसरीतल्या मुलग्यांकडून मिळाले तर आणखी बरं.

तुमच्या स्वतःच्या वाक्यांकडेही बघा. ‘बसतोस का जरा?’ हा त्याला प्रश्न वाटतो आणि उत्तर ‘नाही’ येतं. ‘फेकून तर बघ!’ ही त्याला परवानगी वाटते. ‘धावू नको’ऐवजी ‘चाल’. नाव घ्या, तीन-चार शब्दांत सांगा आणि मनात दहापर्यंत मोजा. त्या दहा सेकंदांत तेच वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगितलं तर त्याला पहिल्यापासून जुळवावं लागतं. बहुतेक ‘ऐकतच नाही’ इथे जन्मतं.

विशेषशिक्षकांच्या एका मुद्द्यावर थोडा आक्षेप आहे. पाट्या वाचतो म्हणजे समजतंच असं नाही. ऑटिझममध्ये वाचन समजुतीच्या कितीतरी पुढे धावलेलं असू शकतं. तपासून घ्या: चेंडू, वाटी, खडू समोर ठेवा आणि ‘खडू दे’ लिहिलेली चिठ्ठी न बोलता दाखवा. मोठ्याने वाचतो पण खडू उचलत नाही, तर फोटो हटवायची घाई नको. वेगवेगळ्या वस्तूंनी पाचपैकी चारदा जमलं की मग हटवा.

मागायला चित्रं द्या. बाँडी आणि फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये बसवलेल्या ‘पेक्स’ पद्धतीच्या सहा पायऱ्या आहेत, त्यांपैकी पहिलीवरच बहुतेकांचं चुकतं. तिथे माणसं दोन लागतात. समोरच्याच्या हातात मुलाची आवडती वस्तू. मागचा माणूस न बोलता मुलाचा हात कार्ड उचलून समोरच्या तळहातावर द्यायला मदत करतो. कार्ड हातात पडलं की लगेच वस्तू आणि तिचं नाव. ‘काय हवं?’ विचारायचंच नाही, नाहीतर विचारल्याशिवाय मागायचं नाही हे तो शिकतो. कार्ड एकच. निवड तिसऱ्या पायरीवर येते, ‘मला हवं’ची वाक्यपट्टी चौथीवर. दुसरं माणूस विशेष शिक्षिकेच्या दिवशी मिळेल. पहिला पंधरवडा आई तासभर बसू शकली तर काम बरंच लवकर होईल. चित्रांमुळे बोलणं थांबतं ही भीती नको, तसा पुरावा नाही. कार्डांची वही मात्र त्याच्या हाताशी हवी, तुमच्या कपाटात नको.

डिचोली_पहिली

खडूची परीक्षा करून बघते. फेकाफेकीवर कुणी लिहाल का? आणि अपंगत्वाचा दाखला अजून झालेला नाही, त्याने काही अडतं का?

नोंदवही

फेकण्यावर उपाय शोधण्याआधी दोन आठवडे नोंद ठेवा. एका पानावर चार रकाने: वेळ, लगेच आधी काय झालं, त्याने काय केलं, लगेच नंतर त्याला काय मिळालं. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच कोरा राहतो. ‘चिडला होता’ असं लिहू नका, ‘पाटी दिली, फेकली, मुख्याध्यापकांच्या खोलीत नेलं’ असं लिहा.

या उदाहरणात शिक्षा म्हणून बाहेर नेलं, पण त्याला हवं तेच मिळालं: लेखन टळलं. उद्या पाटी पुन्हा उडणार. म्हणजे त्याला सुटका मागायचा दुसरा रस्ता द्यायचा. ‘थांबू दे’ असं कार्ड टेबलावर ठेवा. फेकायच्या आधीच्या खुणा ओळखा (पाय हलणं, गुणगुणणं वाढणं) आणि त्या वेळी मागून हात धरून कार्ड द्यायला लावा. दिलं की त्या क्षणी दोन मिनिटं सुटी, वाळूच्या घड्याळावर, आणि परत त्याच कामाचा अगदी छोटा तुकडा. पहिले दहा-बारा दिवस दर वेळी सुटी द्याच, मग तो दिवसभर मागत राहिला तरी. कार्ड फेकण्यापेक्षा लवकर काम करतं हे त्याला पटलं पाहिजे. त्यानंतर ‘आणखी दोन अक्षरं, मग’ असं हळूहळू लांबवा.

नोंदीत फेकणं घंटा, पाऊस किंवा मधल्या सुटीआधीची भूक यांच्यानंतर येत असेल तर कार्ड पुरणार नाही, कारणच हलवावं लागेल. साडेदहाला थोडी पेज किंवा केळं एवढ्यानेही फरक पडू शकतो. लक्ष वेधायला किंवा वस्तू मिळवायला फेकतो असं दिसलं तर उपाय वेगळा, म्हणून आधी नोंद.

पूर्ण भडका उडालाच तर बोलणं बंद, डोळ्यांत बघायला लावणं बंद. बाकीच्या मुलांना बाहेर काढा, त्याला नाही. त्या वेळी काही शिकवता येत नाही. शांत झाल्यावर पाणी द्या आणि पट्टीवरचं सोपं काम. माफी मागायला लावू नका.

कागदपत्र_पणजी

दाखल्यासाठी वर्गातलं काही थांबवू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे प्रवेशाला चाचणी घेता येत नाही (कलम १३) आणि मुलाला शारीरिक शिक्षा वा मानसिक छळ करता येत नाही (कलम १७). दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मधल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर कलम ३१ प्रमाणे ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. त्यासाठी दाखला हवा. अर्ज यूडीआयडीच्या (दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या) संकेतस्थळावर होतो. तपासणीत आयसा ही भारतीय मोजपट्टी वापरतात: ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यावर तीव्र. मूल डॉक्टरांसमोर अर्धा तास शांत बसतं आणि गुण कमी पडतात, असं होऊ शकतं. ‘नोंदवही’ सांगतात ती पानं आणि शाळेचं पत्र पालकांसोबत द्या.

कुणी स्टेम सेल किंवा शरीरातले धातू काढायची औषधं सुचवली तर पालकांना स्पष्ट अडवा. त्यांनी ऑटिझम सुधारतो हे सिद्ध झालेलं नाही, आणि धातू काढायच्या औषधांनी जीवही जाऊ शकतो.

घरच्यांनी काय करावं याला गोव्यातलाच आधार आहे. ‘संगाथ’ या संस्थेने गोव्यात आणि सोबतच्या गटाने पाकिस्तानातल्या रावळपिंडीत २ ते ९ वर्षांच्या ६५ मुलांवर केलेली चाचणी २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी पालक-मुलाच्या खेळाचं चित्रीकरण पालकांसोबत बसून पाहिलं, अशा १२ बैठका. पालक मुलाच्या कलाने जास्त प्रतिसाद देऊ लागले आणि मुलं आपणहून जास्त संवाद सुरू करू लागली. एकत्र लक्ष देण्याचा वेळ मात्र वाढला नाही, कमी झाला, हेही त्यात नोंदलेलं आहे. काणकोण-सत्तरीसारख्या, थेरपिस्ट रोज न मिळणाऱ्या भागांना हा मार्ग परवडणारा आहे.

विशेषशिक्षक_फोंडा

वाचा_भाषा, चिठ्ठीची परीक्षा मान्य. ती झाल्याशिवाय फोटो हटवू नका, बाई.

चवथीचं, म्हणजे गणेश चतुर्थीचं, आत्ताच डोक्यात ठेवा. सुटीत फटाके, आरतीतलं घुमट वाद्य, पाहुणे, झोपेच्या वेळा सगळंच बदलतं. पट्टीची जोडी घरी द्या: ‘आरती’, ‘आवाज’, ‘शांत खोली’, ‘जेवण’ ही चार कार्डं पुरतात, आणि शांत खोली कुठली ते पाहुणे यायच्या आधी ठरवायला सांगा. शाळा उघडल्यावर पहिले तीन दिवस पुन्हा चारच कार्डं, ट्रे दोनच. जूनमध्ये आलेलं सगळं विसरला असं वाटेल; ते बहुधा आठवड्याभरात परत येतं. त्या आठवड्यात नवीन काही सुरू करू नका.