ट्रॅकवरच्या गाडीला मागे कमानपाटे: रेट, उंची आणि उसळणारा ॲक्सल

केळीबाग_जळगाव

राम राम मंडळी. ॲम्बॅसडरचं मागचं हाउसिंग (ॲक्सलचं कवच) घालून बांधलेली दोन सीटची उघडी गाडी आहे. फक्त ट्रॅकसाठी, रस्त्यावर काढायची नाही. पुढे कॉइल, मागे कमानपाटे (लीफ स्प्रिंग). ड्रायव्हर धरून मागच्या एका चाकाखाली २२५ किलो येतात. चाक, ड्रम आणि हाउसिंगचं वजन वगळलं तर एका कमानीवर साधारण १८० किलो.

कमान डोळ्यापासून डोळ्यापर्यंत (टोकांच्या गोल कड्या) ११०० मिमी, रुंदी ५०, सहा मिमीचे पाच पाटे. यू-बोल्ट एकमेकांपासून ९० मिमीवर, सेंटर बोल्ट बरोबर मध्यावर, कमान हाउसिंगच्या खाली.

अडचणी तीन. वळणातून निघताना ॲक्सिलरेटर दाबला की मागची चाकं थाडथाड उसळतात. लांब वळणात मागचा भाग आधी बाजूला सरकतो आणि मग पकड घेतो. शिवाय गाडी ४० मिमी खाली घ्यायची आहे. त्यासाठी ठोकळे टाकू की कमानीचा बाक उतरवून घेऊ? कोइम्बतूरला करी ट्रॅकवर न्यायच्या आधी हे मार्गी लावायचं आहे. एक जादा पाटा टाकावा का, तेही सांगा.

पाटे_धुळे

भाऊ, ठोकळे टाकू नका. हाउसिंग आणि कमान यांच्यात ४० मिमीचा ठोकळा बसला की हाउसिंगला कमान पिळायला तेवढीच जास्त लांबीची पहार मिळते. तुमची पहिली तक्रार त्यानं दुप्पट होईल. कमानच उतरवून घ्या.

उतरवताना गॅस लावू देऊ नका. धुळ्याला महामार्गावर ट्रकच्या कमानी करणारे पुष्कळ आहेत, पण घाईत एकाच जागी लाल करून ठोकायची सवय सगळीकडे दिसते. लाल केलेल्या जागेचं पाणी (कडकपणा) उतरतं, कमान काही दिवसांत बसते, नाहीतर तिथूनच तुटते. पाटे सुटे करून प्रेसवर थंडच उतरवायचे, एका वेळी थोडं, पाट्याच्या पूर्ण लांबीवर. तसं जमत नसेल तर पूर्ण पाटा तापवून तेलात विझवायचा आणि पुन्हा ४५० ते ५०० अंशांना टेम्पर करायचा. वेल्डिंगचा ठिपका किंवा ग्राइंडरचा ओरखडा पाट्याच्या वरच्या अंगाला अजिबात नको, ताण तिथेच येतो.

आता रेट, म्हणजे कमान एक मिमी दाबायला लागणारा जोर. सूत्र: ८ × ई × पाट्यांची संख्या × रुंदी × जाडीचा घन, भागिले ३ × लांबीचा घन. ई म्हणजे पोलादाचा ताठरपणा, स्प्रिंगच्या पोलादाला २,०६,००० धरा (न्यूटन प्रति चौरस मिमी). यू-बोल्टमधल्या अंतराचे दोन तृतीयांश, म्हणजे ६० मिमी, लांबीतून वजा करा, कारण तेवढा भाग वाकत नाही. उरले १०४०. तुमच्या मापांनी मिमीला २६.४ न्यूटन येतात. १८० किलोवर ही कमान सेकंदाला १.९ वेळा हलेल. ट्रॅकसाठी मी २ धरतो, त्याला २८.४ लागतात.

सहावा पाटा ६ मिमीचाच टाकला तर रेट ३१.६ होईल, म्हणजे गरजेपेक्षा कडक. सहावा ४ मिमीचा टाका, बरोबर २८ मिळतील. जाडीचा घन लागतो हे लक्षात ठेवा: सहाच्या जागी सात मिमीचा पाटा घातला तर त्या एका पाट्याचा वाटा ५९ टक्क्यांनी वाढतो. पाटा वाढवला की कमानीची उंचीही बदलते, म्हणून ४० मिमी सहा पाटे बांधून, भार देऊन मोजायचे.

कागदावर थांबू नका. कमान यू-बोल्टनं आवळून प्रेसखाली ५०-५० किलोनं भार द्या आणि प्रत्येक वेळी किती बसली ते लिहा. २८ चा रेट असेल तर १०० किलोला ३५ मिमी बसायला हवी. भार काढतानाही मोजा. चढताना आणि उतरताना आकडे फार वेगळे आले तर पाटे एकमेकांना धरून ठेवतायत.

तापीकाठ

त्या शेवटच्या मुद्द्यात जोडतो. पाट्यांमध्ये गंज असेल तर छोट्या धक्क्याला कमान हलतच नाही, आणि हलते तेव्हा एकदम सुटते. पाटे घासून साफ करा, टोकांच्या धारा खालून गोल करा आणि टोकाखाली २ मिमीची नायलॉनची पट्टी द्या. ग्रीस भरू नका. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ ग्रीसमध्ये बसली की ती लेपासारखी पाटा खात राहते. घर्षण कमी झालं की शॉकअपचं रिबाउंड (कमान परत उसळताना होणारा विरोध) वाढवावं लागतं, कारण आजवर अर्धं काम गंज करत होता.

उसळण्याबद्दल. टॉर्क (इंजिनचा फिरवणारा जोर) आला की हाउसिंगचं नाक वर जातं, पुढचा अर्धा पाटा एस आकारात पिळला जातो, टायर सुटतो, पाटा परत फिरतो, आणि हेच चालू राहतं. पुढच्या अर्ध्या भागावर पाटे एकत्र धरणाऱ्या दोन क्लिपा घट्ट बसवा, मागच्या अर्ध्यावरच्या सैल ठेवा. क्लिपांमुळे रेट थोडा चढतो, म्हणून प्रेसवरची मोजणी क्लिपा लावूनच करा. बराचसा फरक एवढ्यानंच पडतो.

तरी उसळली तर हाउसिंगपासून चासीपर्यंत टॉर्क रॉड. इथे लोक हमखास चुकतात. वाटेल त्या लांबीचा रॉड लावला की कमान आणि रॉड वेगवेगळ्या वर्तुळांत फिरतात, सस्पेन्शन अडकतं आणि ब्रॅकेट फाटतात. हाउसिंग पुढच्या डोळ्याभोवती फिरत नाही. पुढच्या वाकणाऱ्या भागाच्या साधारण पाऊण लांबीच्या काल्पनिक दांडीवर ते फिरतं. तुमच्याकडे वाकणारा भाग ५२०, म्हणून रॉड ३९० च्या आसपास, आणि उभ्या गाडीत त्या दांडीला समांतर.

पिनियनचं नाक (हाउसिंगचं पुढचं टोक, जिथे शाफ्ट जोडतो) तेही बघा. रॉड नसेल तर पाचर घालून २-३ अंश खाली, रॉड असेल तर १ अंश पुरे.

केळीबाग_जळगाव

खूप उपयोगी माहिती, दोघांचे आभार. क्लिपा आधी करतो. बाजूला सरकण्याचं काय? पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा) लावावा असं वाचलं. आणि सगळीकडे पॉलियुरेथेनचे बुश टाकले तर?

पाटे_धुळे

पुढच्या डोळ्यात पॉली चालेल. शॅकलला (कमानीचं मागचं टोक चासीला जोडणारी हलती कडी) रबरच ठेवा. गाडी कलली की कमानीला पीळ पडतो, त्याला कुठेतरी वाव लागतो. दोन्ही टोकं कडक केली तर कमानच अँटीरोल बारसारखी (गाडी कलू न देणारी दांडी) वागते आणि मागचं आतलं चाक हलकं होतं.

तापीकाठ

पॅनहार्ड लावा, पण त्याची उंची हाउसिंगपाशी मेन पाट्याच्या जवळ ठेवा. कमान स्वतःच त्या उंचीवर ॲक्सल धरते. रॉड बराच वर किंवा खाली गेला तर दोघांची ओढाताण होते. लांबी जमेल तेवढी जास्त, आणि ड्रायव्हर बसलेला असताना रॉड आडवा. ९०० मिमीचा रॉड असेल तर ५० मिमी हालचालीला ॲक्सल बाजूला जेमतेम १.४ मिमी जातो. तोच रॉड आधीच तिरका असेल तर डाव्या आणि उजव्या वळणात गाडी वेगळी वागेल.

गाडी फार कलते म्हणून कमान आणखी कडक करू नका. कमानी चाकांपेक्षा आत असतात. त्या एकमेकींपासून १००० मिमीवर आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १३३० असेल तर कलण्याविरुद्ध कमानीचा जोर ५७ टक्केच पोचतो. कल पुढच्या अँटीरोल बारनं धरा.

आणखी एक: गाडी खाली गेली की पुढचा डोळा ॲक्सलच्या मध्यापेक्षा खाली येतो. मग कलताना बाहेरचं चाक पुढे सरकतं आणि मागचा ॲक्सल वळणाच्या आत वळतो, गाडी पुढून ढकलल्यासारखी वाटते. तसं झालं तर चासीवरच्या पुढच्या ब्रॅकेटला १५ मिमी वर दुसरं भोक ठेवा.

वर्कशॉप_भुसावळ

बांधताना चुकू नये म्हणून थोडं. डोळ्यांचे आणि शॅकलचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून, सीटवर ड्रायव्हरच्या वजनाची पोती ठेवूनच आवळा. जॅकवर आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि फाटतं. शॅकलचं खालचं टोक मागे झुकलेलं हवं. कमान सपाट होताना ४० मिमी बाक असलेल्या कमानीची लांबी चारेक मिमी वाढते, तेव्हा शॅकल चासीला टेकत नाही हे जॅकनं चाक पूर्ण वर उचलून बघा.

यू-बोल्ट प्रत्येक वेळी नवे, आणि पहिल्या ५० किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे. ते सैल झाले की सगळा भार सेंटर बोल्टवर येतो, तो कापला जातो आणि ॲक्सल तिरका होतो. दोन्ही बाजूंचा व्हीलबेस टेपनं मोजा, ३ मिमीपेक्षा जास्त फरक नको.

वजनासाठी भुईकाट्यावर जाऊ नका, तो ५-१० किलोच्या पटीत दाखवतो. केळीच्या किंवा धान्याच्या आडतीवर ३०० किलोचे प्लॅटफॉर्म काटे असतात, तसे चार एकाच पातळीत ठेवा. पुढचं डावं आणि मागचं उजवं मिळून एकूण वजनाच्या ५० टक्के यायला हवं, अर्धा टक्का इकडेतिकडे चालेल. फरक असेल तर आधी दोन्ही कमानींची सुटी उंची मोजा. ३ मिमीच्या आत नसेल तर कमानवाल्याकडे परत न्या, पॅकिंग घालून झाकू नका.