पाचवी ते सातवीच्या मुलांना व्हायोलिन-चेलोच्या वृंदाकडे कसं वळवायचं?

माडाखाली (कुडाळ)
इथल्या एका हायस्कुलात जूनपासून पाचवी ते सातवीच्या मुलांचा तंतुवाद्यांचा वृंद सुरू करायचं ठरतंय. शिकवणारे आठवड्यातून दोन दिवस येतील, आणि बारा वाद्यांपुरते पैसे जमलेत. अडचण मुलांची आहे. पेटी, पखवाज, तबला म्हटलं की भजनामुळे लगेच हात वर होतात. व्हायोलिन म्हटलं की वर्ग गप्प. पालक म्हणतात, हे आपल्याकडचं वाद्य नाही आणि पावसात टिकणारही नाही. कोणती वाद्यं किती घ्यावीत, पहिल्या दिवशी मुलांपुढे काय ठेवावं आणि आलेली मुलं टिकवावीत कशी?

पांढरीदोन
ताई, भजनाला बसणारी मुलंच आधी घ्या. व्हायोलिनला पडदे नसतात, बोट कानाच्या भरवशावर ठेवावं लागतं, आणि या मुलांचा कान तयार असतो. चाचणी मात्र घेऊ नका; गळा बसका असलेलं मूलही चेलोवर (बसून वाजवायचं मोठं, खालच्या सुराचं वाद्य) छान रमतं.

वृंदाचा सा पांढरी दोन (पेटीवरची दुसरी पांढरी पट्टी) ठेवा. व्हायोलिनच्या तारा जाडीकडून पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा, पांढरी तीन अशा लागतात. म्हणजे मधल्या दोन मोकळ्या तारा आयत्याच सा आणि प. सा-रे-ग-म एका तारेवर: मोकळी तार, मग पहिलं, दुसरं, तिसरं बोट. प-ध-नि-सां पुढच्या तारेवर त्याच बोटांनी. ग-म आणि नि-सां यांच्यात अर्ध्या स्वराचंच अंतर, म्हणून दोन्हीकडे दुसरं-तिसरं बोट चिकटून बसतं. मुलाला बोटांची एकच ठेवण शिकायची. व्हियोला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, जरा खालच्या सुराचं) आणि चेलोलाही याच दोन तारा असतात, त्यामुळे सगळे एका स्वरात सुरू करू शकतात.

पहिल्या दिवशी भाषण नको. मुलांना पाठ असलेला एखादा अभंग वर्गाने म्हणायचा आणि चार-पाच मुलांनी वाद्य मांडीवर आडवं धरून ठेक्यावर सा आणि प छेडायचे, गज (तारांवर ओढायची केसांची काडी) न घेता. प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं मिळाली पाहिजेत. सूर आपल्या हातून निघाला हे कळलं की नावं आपसूक येतात. शक्य असेल तर शिक्षकांऐवजी नववीतल्या एखाद्या मुलाला वाजवून दाखवू द्या. लहान मुलं मोठ्या मुलांकडे बघून येतात. मैत्रिणी-मैत्रिणींची नावं जोडीनेच घ्या, एकटं आलेलं मूल लवकर गळतं.

गज हातात द्यायच्या आधी एक गोष्ट न विसरता करा. नव्या गजाच्या केसांना राळ नसते. तसाच तारेवर ओढला तर नुसती फुसफुस येते, आणि मुलाला वाटतं आपल्याला जमतच नाही. राळेची नवी वडी काचेसारखी गुळगुळीत असते, तिला आधी बारीक पॉलिश पेपरने ओरखडे काढा, मग पूर्ण केसांवरून तीस-चाळीस वेळा फिरवा. नंतर रोज तीन-चार वेळा पुरे. जास्त झाली की आवाज खरखरतो.

बोटांच्या जागांना पहिलं वर्ष बारीक चिकटपट्ट्या लावा. पूर्ण मापाच्या व्हायोलिनला वरच्या खाचेपासून (खुंट्यांकडच्या टोकाला तारा टेकतात तिथून) साधारण ३६, ६८ आणि ८२ मिलिमीटर. लहान मापाला मोबाइलमधल्या ट्यूनरने जागा शोधा. आणि पहिले तीन आठवडे डाव्या हाताला सुट्टी. मोकळ्या तारांवर गज सरळ चालला नाही तर पुढे सगळंच बिघडतं.

सरस_आणि_खुंटी
वाद्यांचं सांगतो. बारात सात व्हायोलिन, दोन व्हियोला, तीन चेलो. डबल बास सध्या नको, खालचा भाग चेलो सांभाळतील. सगळी व्हायोलिन घेतलीत तर आवाज चिरका होतो आणि मुलांना एकत्र वाजवण्याची गोडी लागत नाही. व्हियोला वेगळा घ्यायला परवडत नसेल तर पाऊण मापाच्या व्हायोलिनला लहान व्हियोलाच्या तारा चढवतात. आवाज थोडा दबका, पण या वयाला चालतो.

माप वयावरून घेऊ नका. मुलाने डावा हात बाजूला सरळ करायचा आणि मानेपासून तळहाताच्या मध्यापर्यंत टेप धरायचा. ५१ सेंमीच्या आसपास अर्धं, ५६ ला पाऊण, ५८-५९ च्या पुढे पूर्ण. मधलं आलं तर लहान माप. मोठ्या व्हायोलिनने मनगट आत दुमडतं आणि करंगळी पोचत नाही. घेताना चारही तारांना बारीक सुराचे स्क्रू असलेलं बघून घ्या, नाहीतर बारा वाद्यं लावण्यात अर्धा तास जाईल.

पावसाबद्दल पालकांची भीती खरी आहे, पण उपाय आहेत. वाद्याला ४० ते ६० टक्के ओलावा मानवतो. आपल्याकडे जुलैत ८५ च्या वर जातो. लाकडी खुंट्या फुगून अडकतात. त्या पकडीने फिरवू नका, खुंट्यांजवळ वाद्याची मान चिरते. खुंटी बाहेर काढून थोडा कोरडा साबण आणि खडू लावायचा: साबणाने फिरते, खडूने धरते. हे एका वेळी एकाच तारेला करा. चारही तारा एकदम सैल केल्या की आतला साउंडपोस्ट (दोन पाट्यांमधली उभी लाकडी काडी) पडू शकतो.

पाट्या सरसने जोडलेल्या असतात आणि दमट हवेत सरस सुटतो. कडेला कर्कर ऐकू आली तर बोटाच्या पेराने भोवती टकटक करून पोकळ जागा शोधा आणि कारागिराकडे द्या. तिथे फेव्हिकॉल भरू नका. सांधा सुटावा, लाकूड फुटू नये, म्हणूनच तिथे सरस असतो.

गजाचे केस पावसात लांबतात. मूल स्क्रू आवळत जातं आणि काडी सरळ होऊन बसते. काडी आणि केस यांत मध्यावर पेन्सिलीएवढी फट, बस्स. वाजवून झालं की सैल. वाद्य ठेवायच्या प्रत्येक पेटीत रंग बदलणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवा, रंग पालटला की गरम करून परत वापरा. कपाट बाहेरच्या भिंतीला लागून नको.

माडाखाली
खूप उपयोगी. दोन गोष्टी उरल्या. नोटेशन (लिहिलेले सूर वाचणं) कधी आणायचं? आणि शाळा सुटली की अर्धी मुलं शेवटच्या एसटीने जातात.

पांढरीदोन
दिवाळीपर्यंत कानाने. सरगम म्हणायची, मग वाजवायची.

तिसरंबोट (पणजी)
इथे थोडं वेगळं सांगेन. एकाच स्वरात वाजवताना कान पुरतो. चेलो वेगळं वाजवायला लागले की मुलं शेजारच्याच्या सुरात वाहून जातात. गणपतीची सुट्टी संपली की पाच रेघा (पाश्चात्त्य नोटेशन) दाखवा, सुरुवातीला फक्त सा ते सां. गळतीही नेमकी त्याच सुमारास होते, तेव्हा काहीतरी नवं हातात पडलेलं बरं.

आपलं वाद्य नाही म्हणणाऱ्यांना गजाननबुवा जोशी आणि डी. के. दातार यांचं व्हायोलिन ऐकवा. आणि आमच्या गोव्यातल्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस याच किनाऱ्यावरचे. त्यांनी १९५८ साली मुंबईत इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला.

तालीम शाळेच्या वेळातच हवी, मधल्या सुट्टीला जोडून ४० मिनिटं, आठवड्यात दोनदा. चेलो शाळेतच राहतील, एसटीत चढवू नका. त्या तीन मुलांना रोज प्रार्थनेआधी १५ मिनिटं खोली उघडून द्या. किल्ली कोणाकडे, ते जूनमध्येच ठरवा.