मदत हवी आहे: रोमचं सेंत्राले मोंतेमार्तिनी, गुडघेदुखी असलेल्या वडिलांना झेपेल का?

नमस्कार मंडळी,

आम्ही सोलापूरचे. आई-बाबांना घेऊन युरोप टूरला निघालोय. रोममध्ये मंगळवार मोकळा आहे. ग्रुपमधले बाकीचे खरेदीला जातील, मला मात्र बाबांना सेंत्राले मोंतेमार्तिनी या संग्रहालयात न्यायचंय.

हे मूळचं वीजकेंद्र, १९१२ साली सुरू झालेलं आणि १९६३ मध्ये बंद पडलेलं. १९९७ मध्ये कॅपिटोलाइन संग्रहालयात काम निघालं म्हणून तिथली प्राचीन शिल्पं तात्पुरती इथं आणली आणि मशिनं जागची न हलवता त्यांच्यामध्येच मांडली. पुढं त्यातली बरीचशी इथंच राहिली. मला स्वतःला प्राचीन रोममधल्या अपोलो सोसियानस मंदिराची ग्रीक शिल्पं बघायची आहेत, आणि रोमच्या लार्गो अर्जेंतिना चौकात सापडलेल्या फोर्तुना देवीचं ते अवाढव्य डोकं.

बाबांचं तसं नाही. ते मिलमध्ये इंजिन खात्यात फिटर होते. मिल बंद पडली, मशिनं गॅसकटरनं कापून भंगारात गेली, तेव्हा ते गेटवर उभे होते. एरवी संग्रहालयात दहा मिनिटांत कंटाळतात. पण इथल्या १९३३ च्या डिझेल इंजिनाचा फोटो दाखवला तर चष्मा लावून किती तरी वेळ बघत बसले. समोरच्या संगमरवरी पुतळ्यांकडं लक्षच नाही. मग म्हणाले, "पुसून ठेवलंय रे व्यवस्थित." तेव्हाच ठरवलं, कोलोसियम लांबून बघितलं तरी चालेल, पण हे चुकवायचं नाही.

सोमवारी बंद असतं हे माहीत आहे, त्यामुळं वाराची अडचण नाही. मेट्रो बी लाइननं गारबातेल्ला स्टेशनला उतरून चालत जाता येतं म्हणतात. तो रस्ता म्हाताऱ्या माणसांना जमण्यासारखा आहे, की हॉटेलपासून सरळ टॅक्सीच करावी? आत लिफ्ट आहे का? मशीन हॉलमध्ये बसायला बाकं आहेत का? बाबा सलग उभे राहू शकत नाहीत, आणि तिथून लवकर निघणारही नाहीत. त्याच बाजूला सेंट पॉल बॅसिलिका आहे, ती त्याच दिवशी जमेल का? आईसाठी आसपास शाकाहारी काय मिळेल तेही सांगा.

अजून एक, कुणी जाऊन आलं असेल तर नक्की सांगा: इंजिनाच्या किती जवळ जाऊ देतात? बाबांना त्यावरची नेमप्लेट वाचायची आहे.