रात्री पोटभर जेवायचं, तर दिवसाच्या कॅलरी कशा वाटायच्या?

प्रश्न: रोजच्या १८०० कॅलरींपैकी ९०० रात्रीसाठी राखायच्या आहेत. पण संध्याकाळी सहालाच भूक खवळते आणि हिशोब कोलमडतो. काय करावं?

उत्तर १: नाश्ता ३००, दुपारी ४५०, संध्याकाळी १५०. हे संध्याकाळचे १५० कापू नका, रात्रीचा ताबा त्यांच्यावरच टिकतो. दिवसाच्या ९०० कॅलरींत निदान ५० ग्रॅम प्रथिनं बसवा. त्यांच्या जेमतेम २०० कॅलरी होतात, पण भूक लांबते. दोन उकडलेली अंडी म्हणजे साधारण १५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं. बिस्किटांवर तेवढ्याच कॅलरी घालवल्या तर तासाभरात पुन्हा पोटात कावळे!

उत्तर २: तेल मोजता का? १५ मिलीच्या एका चमच्यात १२० कॅलरी असतात. बाटलीतून थेट कढईत ओतलं की ९०० चे १२०० कधी होतात कळतही नाही. कढई आधी नीट तापवा, कमी तेल पुरतं.

उत्तर ३: जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा, नाहीतर आडवं होताच छातीत जळजळ. आणि कळकळीने सांगते, इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवसाचं खाणं कमी करू नका. साखर एकदम खाली जाऊ शकते.